शिमल्याची आगोट

कोकणातल्या माणसाला ‘आगोट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मृग लागण्यापूर्वी घरावरची कौले चाळायची, फुटकी बदलायची, पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापांचा आडोसा करायचा, सरपण कोरड्या जागी रचायचे आणि तांदूळ, मीठ, कोकम, सुकी मासळी यांची चार महिन्यांची बेगमी करायची. ही कामे कोणी सांगितली म्हणून होत नाहीत. वैशाखातले ऊन कलू लागले की घरातली वडीलधारी माणसे आपोआप छपराकडे पाहू लागतात.

हिवाळा हा मात्र आपल्या महाराष्ट्रात तयारीचा ऋतू नाही. गोधड्यांना ऊन दाखवले, ट्रंकेतून स्वेटर काढले आणि अंगणात शेकोटी पेटवली की आपली तयारी संपते. घर थंडीसाठी सज्ज करावे लागते, ही कल्पनाच आपल्या अनुभवात नाही. ती माझ्याही अनुभवात नव्हती. या अज्ञानाची किंमत मला शिमल्यात मोजावी लागली, आणि तिच्या निमित्ताने प्रशासनाविषयी असे काही शिकायला मिळाले की जे प्रशिक्षणाच्या एकाही पुस्तकात नव्हते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी शिमल्याला बदली झाली. ऑगस्टमध्ये मी रुजू झालो. राहायला जुन्या इंग्रजी बंगल्याचा एक चौथा हिस्सा मिळाला. उतरते लाल पत्र्याचे छप्पर, देवदाराच्या फळ्यांची जमीन, प्रत्येक खोलीत भिंतीतली चूल म्हणजे फायरप्लेस, आणि पुढच्या बाजूला काचा लावलेला लांबलचक व्हरांडा. पाऊस ओसरल्यावर समोरच्या दरीत ढग उतरत, तेव्हा घरच्या पत्रांत काय लिहू आणि काय नको असे मला होई.

कार्यालयाच्या इमारतीची आणि आमच्यासारख्या काही निवासस्थानांची देखभाल माझ्याच अखत्यारीत होती. सप्टेंबरच्या मध्यावर माझ्याकडे एक लहानशी टिपणी आली. नळांना गुंडाळण्यासाठी गोणपाट, काही पोती लाकडाचा भुसा, चिमण्या साफ करणाऱ्याची मजुरी, पन्हळींतला देवदाराचा पाला काढण्याची मजुरी, खिडक्यांच्या फटींत भरायला लांबी, छपराच्या पत्र्यांसाठी खिळे आणि वॉशर. रक्कम अगदी किरकोळ होती. बाहेर लख्ख ऊन पडले होते. मी टिपणीवर शेरा मारला : ‘गतवर्षी या खर्चाने नेमके काय साध्य झाले याचा खुलासा करावा.’ नव्या अधिकाऱ्याला असा शेरा लिहिताना आपण फार दक्ष असल्याचे समाधान मिळते. फाइल परत गेली ती खुलाशासह डिसेंबरात माझ्यासमोर आली.

त्या डिसेंबरात आणि जानेवारीत काय घडले ते सांगण्यापूर्वी या शहराच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. कारण माझा शेरा ही एकट्या माणसाची चूक असली, तरी शिमल्याच्या सरकारी घरांची थंडीशी असलेली फारकत दीडशे वर्षांची आहे.

कॅप्टन चार्ल्स प्रॅट केनेडी यांनी १८२२ मध्ये येथे पहिले पक्के घर बांधले. पुढे १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या काळात शिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीच्या या डोंगरकण्यावर दर वसंतात आधी कलकत्त्याहून आणि १९११ नंतर दिल्लीहून सरकार चढून येई आणि शरदात उतरून जाई. कालका-शिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू होईपर्यंत साहेब आणि कारकून हा घाट टांग्यांतून चढत, आणि दप्तरांच्या पेट्याही याच रस्त्याने येत. घरे ‘हंगामा’पुरती भाड्याने घेतली जात. हंगाम म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर.

या वेळापत्रकाचा परिणाम घरांच्या बांधणीवर झाला. ज्यांना जानेवारीत येथे राहायचेच नव्हते, त्यांनी जानेवारीसाठी घर कशाला बांधावे? उंच छताच्या प्रशस्त खोल्या, मोठमोठ्या खिडक्या, मोकळे व्हरांडे, झाडांची गर्द सावली : मैदानी प्रदेशातल्या उकाड्याला कंटाळलेल्या माणसाला जे हवे ते सारे त्यात होते. फायरप्लेस होत्या, पण त्या जूनमधल्या पावसाळी संध्याकाळच्या गारव्यापुरत्या शोभणाऱ्या. उघड्या फायरप्लेसमधली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते, आणि वर जाणाऱ्या त्या हवेची जागा घेण्यासाठी दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. ज्याने हा अनुभव घेतला आहे त्याला अधिक सांगायला नको.

सावलीचेही तसेच. उन्हाळ्यात जी सुखाची, तीच हिवाळ्यात वैरीण होते. शिमल्याच्या डोंगराची दक्षिण बाजू थंडीतही उन्हात असते, तर उत्तर बाजूला ऊन जेमतेम पोहोचते. लक्कड बाजाराखाली १९२० मध्ये सुरू झालेले बर्फावर घसरण्याचे मैदान याच सावलीवर चालते. तेथे पाणी पसरून ठेवले की रात्रीच्या थंडीत ते आपोआप गोठते. ज्या सावलीने क्रीडांगणाला फुकट बर्फ पुरवले, तीच आसपासच्या घरांतल्या नळांत बर्फ भरते.

थंडीत या शहरात राहणे ज्यांना चुकत नसे, ते होते दुकानदार, हमाल, पालिकेचे कामगार आणि रिकाम्या बंगल्यांचे चौकीदार. बंगला हिवाळ्यात कसा जगवायचा हे मालकाला ठाऊक नसे, चौकीदाराला ठाऊक असे. नळातले पाणी कोणत्या दिवशी सोडून द्यायचे, छपरावरचे बर्फ केव्हा लोटायचे, कोणत्या खोलीला प्रथम ओल येते, ही सारी माहिती त्याच्या डोक्यात राही. ती कधी कागदावर आली नाही, कारण कागद लिहिणारे तोवर खाली उतरलेले असत.

याच शहरापासून थोडे दूर गेले, की थंडीसाठीच बांधलेली घरे दिसतात. हिमाचलातली ही जुनी बांधणी ‘काठ-कुणी’ म्हणून ओळखली जाते. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे आलटून पालटून थर, मध्ये चुना-सिमेंट नाही. भिंती जाड, खिडक्या लहान, दारे इतकी ठेंगणी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. तळमजल्यावर गुरे. त्यांच्या अंगाची ऊब वरच्या मजल्याच्या फळ्यांखाली राहते. वर माणसांची वस्ती, पुढे लाकडी सज्जा आणि छपराला पाटीचा दगड. लाकूड आणि दगड यांची ही गुंफण भूकंपाचे हादरेही सोसते.

या घरांनाही दरवर्षी आगोट लागतेच. पाऊस संपला की डोंगरउतारावरचे गवत कापून वाळवायचे आणि गुरांसाठी साठवायचे. मक्याची कणसे छपरावर पसरायची. सरपण फोडून भिंतीशी रचायचे. सरकलेल्या पाट्या बसवायच्या आणि भिंतींना आतून शेणमातीचा हात द्यायचा. गावात हे काम वेळेवर होते, कारण ज्याला घरात राहायचे आहे तोच ते करतो. सरकारी घरात राहणारा एक, पैसे मंजूर करणारा दुसरा आणि काम जाणणारा तिसरा.

उन्हाळी राजधानीत बारमाही वस्तीची वेळ आली ती महायुद्धामुळे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तेथील ब्रिटिश सरकार परागंदा होऊन शिमल्यात राहिले. रंगूनच्या उष्ण हवेतून आलेल्या माणसांनी येथील हिवाळे काढले. पाठोपाठ १९४७ मध्ये फाळणीने लाहोर गेले आणि पूर्व पंजाबचा कारभार शिमल्यात आला. तो १९५३ मध्ये चंडीगडला जाईपर्यंत येथेच होता. पंजाबचे उच्च न्यायालय ‘पीटरहॉफ’ या बंगल्यात भरे. गांधीहत्या खटल्यातील अपिलाची सुनावणी १९४९ मध्ये तेथेच झाली. पुढे शिमला हिमाचलची बारमाही राजधानी झाली. २५ जानेवारी १९७१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हिमाचलला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाल्याची घोषणा ‘रिज’वर केली, तेव्हा बर्फ पडत होते आणि लोक त्या बर्फात उभे होते. हंगामी सरकार जाऊन बारमाही सरकार आल्याचे याहून स्पष्ट चित्र दुसरे नसेल.

घरे मात्र तीच राहिली. उघड्या व्हरांड्यांना काचा लागल्या. फायरप्लेस बुजवून तिथे लोखंडी शेगडी आणि तिचा धुराचा पाइप आला. या शेगडीला शिमल्याच्या वरच्या भागात ‘तंदूर’ म्हणतात. काश्मीरमध्ये तिच्याच जातीची ‘बुखारी’ असते. पुढे विजेचे हीटर आले. मोठ्या बंगल्यांचे चार-चार हिस्से होऊन त्यांत कुटुंबे राहू लागली. अशाच एका हिश्शात मी माझ्या पत्नी आणि लहान मुलीसह राहत होतो.

डिसेंबरच्या अखेरीस पहिले बर्फ पडले. दोन दिवसांनी आकाश निवळले आणि रात्रीची थंडी कडाक्याची झाली. डोंगरात अभ्र असते तोवर रात्र सुसह्य असते. निरभ्र रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि पारा घसरतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. बंगल्याच्या उत्तर भिंतीवरून उघडा गेलेला नळ त्या रात्री फुटला. फुटल्याचे लगेच कळत नाही, कारण बर्फच बुचासारखे बसलेले असते. दुपारी ऊन लागले, बर्फ वितळले आणि शेजाऱ्याच्या खोलीच्या लाकडी छतातून पाणी गळू लागले. त्यांची पुस्तके आणि गाद्या भिजल्या. दुरुस्तीचा खर्च मी परत पाठवलेल्या टिपणीतल्या रकमेच्या अनेक पट झाला. माझ्या खुलाशाची मागणी निसर्गाने पूर्ण केली होती.

पण खरा धडा अजून व्हायचा होता. त्याच आठवड्यात वीज दीड दिवस गेली. मुलीला खोकला होता. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची रीत, त्यामुळे खोलीत निखारे ठेवणे मला अगदी सुरक्षित वाटत होते. लोखंडी अंगीठीत दगडी कोळसे फुलवून ती झोपण्याच्या खोलीत ठेवली. खिडक्यांच्या फटींत लांबी नव्हती, म्हणून मी स्वतः वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दाराखाली जुनी चादर सारली आणि आपण फार व्यवस्थित बंदोबस्त केला अशा समजुतीने आम्ही झोपलो.

रात्री बंगल्याचा चौकीदार दिव्यासाठी रॉकेल हवे का हे विचारायला आला. हा कोटखाईकडचा साठीचा माणूस. आम्ही त्याला चाचाजी म्हणत असू. त्याने दोनदा हाक मारली. मी उठलो, पण पाय लटपटत होते आणि डोके जड झाले होते. कशीबशी कडी काढली. त्याने आत पाऊल टाकले, अंगीठी पाहिली आणि एक शब्दही न बोलता दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. अंगीठी उचलून व्हरांड्यात नेली. मुलीला घोंगडीत गुंडाळून बाहेर आणले. ती थोड्या वेळाने रडू लागली. ते रडणे ऐकून मी पायरीवर मटकन बसलो.

चाचाजी तेव्हा म्हणाला, “साहेब, थंडीने माणूस सहसा मरत नाही. थंडीला घाबरून मरतो.”

त्या रात्री उरलेला वेळ मी माझ्या आईच्या घराचा विचार करीत होतो. शेगडी तीच, निखारे तेच, मग तेथे कधी काही का झाले नाही? उत्तर छपरात होते. कौलारू घराचे छप्पर श्वास घेते. शेकडो कौलांच्या फटींतून धूर आणि वायू वर निघून जातात. शिमल्याच्या फळ्यांनी आणि काचांनी बंद केलेल्या, मी आणखी बोळे कोंबलेल्या खोलीत कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड कोंडून राहिला. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करीत नाही. आपल्या गावची रीत चुकीची नव्हती. ती ज्या छपराखाली जन्मली ते छप्पर मी सोबत आणले नव्हते.

उत्तरेत राहणाऱ्या मराठी वाचकांना म्हणून कळकळीने सांगतो : झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. धूर बाहेर नेणारा पाइप असलेली शेगडीही झोपण्यापूर्वी विझवा. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका. त्यातूनही हाच वायू निर्माण होऊ शकतो. खिडकीची एक फट उघडी राहू द्या आणि अंगावर एक रजई जास्त घ्या.

लाकडी घराच्या हिवाळ्याला दुसरे भय आगीचे. देवदार आणि चीड ही राळेची लाकडे. त्यांच्या धुराचा चिकट काजळीचा थर चिमणीत साचतो आणि एखाद्या रात्री तोच पेट घेतो. म्हणूनच चिमणी साफ करणाऱ्याची मजुरी त्या टिपणीत होती. आगीचे हे भय राज्यकर्त्यांना माहीत नव्हते असे नाही. व्हाइसरॉयसाठी १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या व्हाइसरीगल लॉजमध्ये आग विझवण्यासाठी मेणाने तोंडे बंद केलेल्या जलनळ्या होत्या. उष्णतेने मेण वितळावे आणि पाणी सुटावे, अशी योजना. सर्वांच्या वाट्याला एवढी व्यवस्था आली नाही. ज्या पीटरहॉफमध्ये पूर्वी व्हाइसरॉय राहत, मग न्यायालय भरले आणि पुढे राजभवन झाले, ते १९८१ च्या जानेवारीत जळाले. साम्राज्याच्या सचिवालयासाठी बांधलेल्या गॉर्टन कॅसलचे वरचे मजले २०१४ च्या जानेवारीत आगीत गेले. प्रत्येक आगीचे कारण वेगळे असू शकेल. परंतु दोन्ही घटना जानेवारीतल्या आहेत, एवढे तारखांचे साम्य देखभाल करणाऱ्याच्या लक्षात राहावे.

आता मूळ प्रशासकीय प्रश्नाकडे येतो. टिपणी सप्टेंबरात आली आणि डिसेंबरात परतली, यात माझा दोष होताच. पण वर्षभर फाइली चाळल्यावर लक्षात आले, की माझा शेरा नसता तरी काम वेळेवर झाले असतेच असे नाही. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ही पद्धत १८६७ पासूनची. एप्रिलमध्ये तरतूद होते, तिचे वाटप होईपर्यंत पावसाळा येतो, अंदाजपत्रके पावसाळ्यात फिरतात, निविदा शरदात निघतात आणि ठेकेदार काम सुरू करतो तेव्हा बर्फ पडलेले असते. मग मार्चमध्ये निधी परत जाऊ नये म्हणून घाईघाईने रंग लावला जातो. थंडी सरल्यावर थंडीची तयारी पूर्ण होते. हिशेब बरोबर, पावत्या बरोबर, आणि घर तसेच.

डोंगरात बाहेरच्या दुरुस्तीला खरा अवधी फार थोडा असतो. पावसाच्या आधीचे काही आठवडे, आणि नंतर दसऱ्यापासून दिवाळीच्या पुढे दोन-तीन आठवड्यांपर्यंतचा कोरडा काळ. या दुसऱ्या अवधीत सामान हाताशी असायला हवे असेल, तर मंजुरी जूनमध्ये मिळाली पाहिजे. निसर्गाचे पंचांग आणि खजिन्याचे पंचांग यांचा मेळ घालणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. ते काम निसर्ग करीत नाही आणि खजिनाही करीत नाही.

पुढच्या मे महिन्यात मी चाचाजीला कार्यालयात बोलावले. तो प्रथम उभाच राहिला. बराच आग्रह केल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकला. त्याने सांगावे आणि मी लिहावे, असा आमचा करार झाला. पानगळीनंतर पन्हळी दोनदा साफ करायच्या, एकदा नव्हे. पत्र्याचा खिळा सैल झाला असेल तर रंग देण्यापूर्वी पाहायचा, नंतर नव्हे. छपराच्या कडेला बर्फ साचून गोठले की वितळलेले पाणी मागे सरकून पत्र्याखाली शिरते, म्हणून कडा आधी मोकळ्या करायच्या. रिकाम्या घराचा नळ बंद करून तळाची तोटी उघडी ठेवायची. राहत्या घरात निरभ्र रात्री एक नळ बारीक धारेने वाहता ठेवायचा. गोणपाट गुंडाळायचे ते कोरडे. ओले गोणपाट स्वतःच गोठते. असे करता करता तेवीस कलमे झाली. त्यांतल्या एकाही कलमाला मोठा खर्च नव्हता. मी प्रत्येकासमोर महिना लिहिला, जबाबदार कर्मचाऱ्याचे पद लिहिले आणि जूनमध्येच एकत्रित मंजुरी दिली. त्या हिवाळ्यात आमच्या आवारात एकही नळ फुटला नाही. या यशाची नोंद कोठेही झाली नाही. न फुटलेल्या नळाचा अहवाल कोणी मागत नाही.

सत्तेने थंडीला दिलेले दुसरे उत्तरही आपल्या इतिहासात आहे : घर सज्ज न करता जागाच बदलणे. जम्मू-काश्मीरमध्ये महाराजा रणबीरसिंह यांच्या काळी १८७२ मध्ये ‘दरबार मूव्ह’ सुरू झाली. हिवाळ्यात सचिवालय श्रीनगरहून जम्मूला जाई. ही प्रथा २०२१ मध्ये बंद करण्यात आली आणि २०२५ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. हिमाचलमध्येही २००५ पासून विधानसभेचे हिवाळी अधिवेशन खालच्या धरमशालेत भरवण्याची परंपरा पडली. या स्थलांतरांना राजकीय आणि प्रादेशिक कारणे आहेत, आणि ती रास्तही असू शकतात. पण सरकार खाली उतरते तेव्हा वर राहणाऱ्या शिपायाचे, परिचारिकेचे, नळदुरुस्ती करणाऱ्याचे घर कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न वरच राहतो.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी त्या बंगल्याकडे पुन्हा गेलो होतो. चाचाजी केव्हाच निवृत्त होऊन गावी गेला होता. कार्यालयात चौकशी केली. आमची तेवीस कलमांची यादी कोणाला ठाऊक नव्हती. थोडा खट्टू होऊन मी बंगल्याला वळसा घालून मागे गेलो. उत्तर भिंतीवरच्या नळाला गोणपाट गुंडाळलेले होते. हात लावून पाहिले. कोरडे होते.